शिफारशीबरोबर जाणारा माणूस

विद्यापीठातील अध्यापन, तेथील संशोधन आणि विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर चालणारा प्रत्यक्ष व्यवसाय यांचा सांधा कसा जुळवावा, हा प्रश्न वैद्यक, अभियांत्रिकी, विधी अशा सर्वच विद्याशाखांपुढे असला, तरी कृषी विद्यापीठांच्या बाबतीत तो त्यांच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे. कारण शेतकऱ्याच्या जमिनीत उतरल्याशिवाय ज्याला अर्थ येत नाही, असे ज्ञान निर्माण करण्यासाठीच ही विद्यापीठे स्थापन झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ, म्हणजे आजचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. त्याच्या प्रयोगक्षेत्रावर सिद्ध झालेल्या काही गोष्टी कोकणभर पसरल्या, काही अर्ध्याच पोहोचल्या आणि काही उत्तम असूनही मागे राहिल्या. आणि एकाच विद्यापीठाच्या, एकाच प्रदेशातल्या, बहुधा एकाच पिकावरच्या संशोधनाचे असे वेगवेगळे प्राक्तन का व्हावे, याचा शोध घेतल्यास विद्यापीठ आणि व्यवसाय यांच्या नात्याविषयी पुष्कळ काही हाती लागते.

शिकवणे, शोधणे आणि पोहोचवणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत, ही कल्पना मुळात अमेरिकेतली. तेथे १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी राज्यांना जमिनी दिल्या, १८८७ च्या हॅच कायद्याने त्या महाविद्यालयांना संशोधन केंद्रे जोडली आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तिसरे अंग, म्हणजे विस्तार शिक्षण, त्यांच्याकडे सोपवले. विस्तार शिक्षण म्हणजे वर्गात न बसणाऱ्या, परंतु ज्ञानाची गरज असलेल्या व्यावसायिकाला त्याच्या कामाच्या जागी जाऊन शिकवणे. पहिल्या आणि तिसऱ्या कायद्यात ५२ वर्षांचे अंतर आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पदवी देणे आणि शोध लावणे यांच्या तुलनेत तो शोध शेतापर्यंत नेणे हे किती अवघड काम आहे, हे समजायला त्या प्रगत देशालाही अर्धे शतक लागले. भारतात १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, १९६० मध्ये पंतनगर येथे देशातले पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले आणि महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला व १९७२ मध्ये परभणी आणि दापोली अशी चार विद्यापीठे झाली.

मात्र अमेरिकेतील रचना जशीच्या तशी येथे आली नाही. तेथे विस्ताराचे यंत्रणाबद्ध काम विद्यापीठाकडेच राहिले, तर महाराष्ट्रात गावोगावी पोहोचणारे कृषी सहायक हे राज्य शासनाच्या कृषी विभागाचे कर्मचारी आहेत आणि विद्यापीठाकडे विस्तारासाठी लांज्यासारख्या ठिकाणची कृषी विज्ञान केंद्रे, मेळावे, प्रात्यक्षिके आणि प्रकाशने एवढीच साधने आहेत. परिणामी शोध लावणारा आणि तो शेतकऱ्याला सांगणारा हे दोघे वेगवेगळ्या खात्यांतले लोक असतात आणि त्यांना जोडणारा दुवा म्हणून एक कागद उरतो, ज्याला कृषी क्षेत्रात ‘शिफारस’ म्हणतात.

शिफारस हा शब्द व्यवहारात सहज वापरला जात असला, तरी कृषी विद्यापीठात त्याला काटेकोर अर्थ आहे. एखादे वाण, खताची मात्रा, फवारणीचे वेळापत्रक किंवा अवजार यांची चाचणी ठरावीक पुनरावृत्त्यांसह काही वर्षे घेतली जाते, तिच्या निष्कर्षांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण होते आणि मग चारही विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांच्या वार्षिक बैठकीत, जिला संयुक्त कृषी संशोधन व विकास समिती किंवा बोलीत ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात, त्या निष्कर्षांची छाननी होते. तेथे मान्य झालेले दोन-चार वाक्यांचे विधान म्हणजे शिफारस. ते कृषी विभागाकडे जाते, विद्यापीठाच्या दैनंदिनीत छापले जाते आणि पदवीच्या अभ्यासक्रमात शिरते. अनेक वर्षांचे काम इतक्या थोड्या शब्दांत बसवताना मात्रा, वेळ आणि पद्धत टिकते. ती मात्रा कोणत्या झाडाला, कोणत्या जमिनीत आणि आणखी काय काय केल्यावर लागू पडते, या अटीही बहुधा लिहिलेल्या असतात, पण प्रवासात पहिल्यांदा गळतात त्या याच.

ज्या संशोधनाचा प्रवास निर्वेध झाला, त्यात कोय कलमाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. हापूसची अभिवृद्धी पूर्वी भेट कलमाने होत असे. कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन, दोघांच्या साली तासून, त्यांची ‘भेट’ घडवायची आणि ती जुळेपर्यंत काही महिने थांबायचे, अशी ती रीत होती. तीत एका झाडावर किती कलमे बांधता येतील याला झाडाच्या फांद्यांचीच मर्यादा पडत असे. कोय कलमात कोयीतून नुकत्याच उगवलेल्या, तांबूस पानांच्या, दोन-तीन आठवड्यांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून खोडाला उभी चीर देतात, मातृवृक्षावरून तेवढ्याच जाडीची काडी आणून तिचे टोक पाचरीसारखे तासतात, ती त्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. जून ते ऑगस्ट या काळात कोकणच्या हवेत जी भरपूर आर्द्रता असते, तीच या जोडाला जगवते. दापोलीच्या विद्यापीठाने ही पद्धत कोकणच्या हवामानासाठी प्रमाणित केली, म्हणजे रोपाचे वय, काडीचे वय, छाटणीची उंची आणि हंगाम यांचे नेमके गणित बसवले.

१९९० मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा कोकणात कलमांची मागणी एकाएकी इतकी वाढली, की भेट कलमाच्या वेगाने ती भागणे अशक्य होते. कोय कलमाचे तंत्र त्या वेळी तयार होते आणि काजूसाठी मृदकाष्ठ कलमाचे, म्हणजे रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर बांधण्याच्या कलमाचे, तंत्रही हाताशी होते. कातळावर सुरुंगाने खड्डे फोडून, त्यांत माती भरून लावलेल्या हजारो हेक्टर बागा या दोन तंत्रांवर उभ्या राहिल्या. हे तंत्र पसरले याचे एक कारण शासनाची योजना हे खरेच, परंतु दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. कलम बांधणे ही हाताची विद्या आहे. ती कागदावरून शिकता येत नाही; शेजारी बसून, चाकूचा कोन पाहून, चुकलेला जोड सुकताना अनुभवूनच ती येते. त्यामुळे तंत्र जेथे गेले तेथे ते माणसाबरोबर गेले आणि त्याच्या सगळ्या अटी, म्हणजे काडी किती जून असावी, पट्टी किती आवळावी, कोणत्या पावसात थांबावे, या त्या माणसाच्या हातातच असल्यामुळे गळून पडण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

पॅक्लोब्युट्राझॉलची कथा याच्या नेमकी उलट आहे. हापूस हे एकाआड एक वर्ष भरघोस फळणारे झाड आहे. एका वर्षी भरपूर फळ आले, की पुढच्या वर्षी झाडाची ताकद पालवीत जाते आणि मोहोर तुरळक येतो. झाडाची शाकीय वाढ जिबरेलिन नावाच्या संप्रेरकांवर अवलंबून असते आणि पॅक्लोब्युट्राझॉल हे संयुग झाडातील जिबरेलिनची निर्मिती रोखते. वाढ थोपली, की काड्या पक्व होतात आणि मोहोर लवकर व दरवर्षी येण्याची शक्यता वाढते. दापोलीच्या शास्त्रज्ञांनी हापूसवर या संयुगाचे प्रयोग केले आणि १९९० च्या दशकात त्याची शिफारस बागायतदारांपर्यंत पोहोचली. झाडाच्या पर्णसंभाराचा व्यास मोजायचा, दर मीटरला २३ टक्के तीव्रतेचे ३ मिलिलिटर द्रावण धरायचे, ते पाण्यात मिसळून खोड आणि पर्णसंभाराची कडा यांच्या मध्यावर, बुंध्याभोवती वर्तुळात घेतलेल्या २५ ते ३० उथळ भोकांत ओतायचे आणि हे सर्व जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत उरकायचे, अशी ती पद्धत आहे. त्याबरोबरच झाड सशक्त आणि पुरेशा वयाचे असावे, बुंध्याभोवतीचे तण काढावे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दरवर्षी फळणाऱ्या झाडाला त्या मानाने वाढीव सेंद्रिय व रासायनिक खते द्यावीत, या अटी शिफारशीत आहेत.

हे संयुग ‘कल्टार’ या व्यापारी नावाने कोकणात इतके रुळले, की त्या नावाचेच क्रियापद झाले. बागेला ‘कल्टार केले’ की नाही, अशी विचारणा आजही होते. परंतु बाटलीबरोबर मात्रा गेली, खताची अट तितक्या निष्ठेने गेली नाही. याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान असे मानणे सोपे आणि अन्यायाचे आहे. खरे कारण कोकणातील बागेच्या अर्थव्यवस्थेत आहे. येथील पुष्कळ बागा मूळ मालक मुंबईत असल्यामुळे किंवा मनुष्यबळाअभावी काही वर्षांच्या कराराने दुसऱ्याला दिल्या जातात. करार घेणाऱ्याला त्या तीन-पाच वर्षांत जेवढे फळ निघेल तेवढे हवे असते आणि झाडाच्या विसाव्या वर्षाची काळजी वाहण्याचे त्याला कोणतेही आर्थिक कारण नसते. म्हणून तो मात्रा वाढवतो आणि खतात हात आखडता घेतो. लवकर आलेल्या आंब्याच्या पहिल्या पेट्यांना वाशीच्या बाजारात मिळणारा चढा भाव या घाईला आणखी बळ देतो. झाडाचे शरीरक्रियाशास्त्र विद्यापीठाने चोख अभ्यासले होते. बागेचा करारनामा मात्र कोणत्याही विभागाच्या अभ्यासाचा विषय नव्हता. कृषिविद्येच्या शिक्षणात वनस्पतिशास्त्र आणि कृषी अर्थशास्त्र हे दोन वेगळे विभाग असतात, त्यांच्या भिंती वेगळ्या असतात आणि कराराने घेतलेली बाग नेमकी त्या दोन भिंतींच्या मधल्या बोळात येते.

बागेकडून विद्यापीठाकडे येणारी वाटही तितकीच महत्त्वाची आहे आणि तिचे उत्तम उदाहरण फळाच्या पक्वतेच्या मोजमापात सापडते. हापूसच्या गरात पिकताना पांढुरका, स्पंजासारखा, आंबट भाग तयार होतो, त्याला बागायतदार ‘साका’ म्हणतात. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर हा दोष उघड होतो, म्हणून तो व्यापाऱ्याला अधिक जाचतो. त्याची शास्त्रीय नोंद १९३० च्या दशकात, युरोपला पाठवलेल्या आंब्यांच्या अभ्यासात, चीमा आणि दाणी यांनी केली. पुढे अनेक ठिकाणच्या संशोधनातून असे दिसले, की फळ जितके अधिक पक्व होऊन झाडावर राहील आणि तापलेल्या जमिनीची उष्णता त्याला जितकी अधिक लागेल, तितका साक्याचा धोका वाढतो. म्हणून सुमारे ८५ टक्के पक्वतेला फळ काढणे आणि बुंध्याभोवती गवताचे आच्छादन करणे हे उपाय पुढे आले. आता ८५ टक्के पक्वता झाडाखाली उभे राहून ओळखायची कशी? प्रयोगशाळेकडे विशिष्ट गुरुत्वाची, म्हणजे फळ पाण्यात तरंगते की बुडते हे पाहण्याची कसोटी होती. बागायतदाराकडे मात्र त्याहून जुने माप होते. रुपयाचे सोळा आणे धरून तो फळाची तयारी आण्यांत सांगत आला आहे आणि दूरच्या बाजारासाठी ‘चौदा आणे’ तयार फळ उतरवत आला आहे. देठाजवळ फळाने धरलेले खांदे, सालीचा बदललेला रंग आणि तिच्यावर दिसणारी लव यांवरून तो हे ठरवतो. सोळातले चौदा म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. विद्यापीठाने आपल्या मार्गदर्शनात हे ‘चौदा आणे’ स्वीकारले, हा केवळ बोलीचा आदर नव्हता. व्यवसायाने पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार केलेले माप आणि प्रयोगशाळेचे माप जवळजवळ एकाच ठिकाणी येतात, याची ती कबुली होती. देठासह फळ काढणारा, पाते आणि जाळी असलेला ‘नूतन झेला’ हे दापोलीचे अवजारही असेच जुन्या झेल्यावर बांधलेले आहे. जुन्या झेल्याने ओढलेले फळ देठ तुटून चिकाने डागाळत असे आणि देठाच्या जागेतून कुजत असे. नव्या झेल्याने ती उणीव भरून काढली, पण गड्याच्या हाताची सवय मोडली नाही, म्हणून तो स्वीकारला गेला.

उत्तम असूनही मागे राहिलेल्या संशोधनाचे नाव ‘रत्ना’. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली ही जात १९८१ मध्ये प्रसारित झाली. ती दरवर्षी फळते, फळ हापूसपेक्षा मोठे असते, गरात रेषा नसतात आणि साका होत नाही. बागायतदाराच्या बहुतेक तक्रारींचे उत्तर एका झाडात देणारे असे वाण सहसा मिळत नाही. तरीही कोकणच्या बागा हापूसच्याच राहिल्या, कारण ग्राहक फळाबरोबर नाव विकत घेतो आणि हापूसच्या नावाला जो भाव आहे तो रत्नाच्या गुणांना मिळाला नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर तर त्या नावाला कायद्याचेही संरक्षण लाभले. याच वेंगुर्ल्याच्या केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती मात्र कोकणात घरोघरी गेल्या. काजूची बी जातीच्या नावाने विकली जात नाही, ती वजनाने आणि आकाराने विकली जाते. त्यामुळे सुमारे १० ग्रॅम वजनाची बी देणाऱ्या ‘वेंगुर्ला-७’चा फायदा पहिल्याच विक्रीत शेतकऱ्याच्या हाती पडला. संशोधनाची गुणवत्ता दोन्ही ठिकाणी सारखीच होती. फरक होता तो बाजाराने कोणत्या गुणाचे पैसे मोजले एवढाच, आणि हा प्रश्न संकराची पहिली फुले हाताळण्यापूर्वीच विचारण्याजोगा आहे.

रत्नागिरी शहरालगत भाट्ये येथे १९५५ पासून असलेल्या नारळ संशोधन केंद्राने हा प्रश्न आधी विचारलेला दिसतो. नारळाच्या दोन ओळींमधील रिकाम्या जागेत काळी मिरी, दालचिनी, जायफळ अशी मसाल्याची पिके घेण्याची पद्धत तेथे विकसित झाली आणि तिला ‘लाखी बाग’ असे नाव मिळाले. लाखाच्या उत्पन्नाची आशा ज्या नावातच आहे, ते शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. शिरगावचे १९८१ मध्ये सुरू झालेले मत्स्य महाविद्यालय मात्र अधिक कठीण परिस्थितीत काम करते, कारण समुद्राला प्रयोगक्षेत्राचे कुंपण घालता येत नाही आणि मिरकरवाड्याच्या मासेमारी जेटीवर जे ज्ञान नांदते ते तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, डोक्यात असते. ते वर्गात आणण्याची रीत अजून पुरती बसलेली नाही.

व्यावसायिक शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात असे मांडले, की व्यवसायातील काही प्रश्न टणक उंच जमिनीवरचे असतात, ज्यांना शास्त्रीय पद्धतीने नेमके उत्तर देता येते, आणि काही दलदलीतले असतात, जे गोंधळाचे असले तरी माणसांच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे असतात. कोकणच्या माणसाला ही प्रतिमा परकी वाटू नये. वर सपाट, स्वच्छ दिसणारा कातळ असतो आणि पीक येते ते खाली, चिखलाच्या मळ्यात. जिबरेलिन कसे रोखावे हा कातळावरचा प्रश्न आहे, तर कराराच्या बागेत खत कोणी घालावे हा मळ्यातला. विद्यापीठाचा विद्यार्थी पहिला प्रश्न परीक्षेसाठी शिकतो. दुसरा त्याला केवळ बागेत भेटू शकतो.

ही भेट घडावी म्हणून कृषी पदवीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात एक तरतूद आहे. शेवटच्या वर्षी विद्यार्थी ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ या कार्यक्रमाखाली गावात राहतात, एकेका शेतकऱ्याशी जोडले जातात, त्याच्या कामाची नोंद ठेवतात आणि प्रात्यक्षिके दाखवतात. गावात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतात. देशभर रुळलेला हा कार्यक्रम २०१५ पासून ‘स्टुडंट रेडी’ या व्यापक योजनेचा भाग झाला आहे. शिफारस आणि शेत यांच्यामध्ये जो जिवंत दुवा हवा असतो, तो महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाहीपेक्षा हे विद्यार्थी होऊ शकतात. त्यांना शास्त्राची भाषा येते, बागायतदाराच्या पडवीत बसण्याइतका वेळ त्यांच्यापाशी असतो आणि ते कोणत्याही खात्याचे उद्दिष्ट पूर्ण करायला आलेले नसतात.

परंतु हा गावातील मुक्काम सर्वसाधारणपणे सातव्या सत्रात, म्हणजे पावसाळ्यात, येतो. हे वेळापत्रक खरिपाच्या दृष्टीने आखलेले आहे आणि देशावरच्या सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यात ते योग्यही आहे. कोकणात मात्र त्याचा परिणाम वेगळा होतो. विद्यार्थी भातलावणी पाहतो, कोय कलमे बांधतो आणि कल्टारसाठी बुंध्याभोवती भोके पाडली जाताना हजर असतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत मोहोर कसा फुटला, जानेवारीत पहिल्या मोहोरातील कणी गळून पुन्हा मोहोर का आला, फळ सुपारीएवढे असताना बागायतदाराने फवारणी कोणत्या हिशेबाने टाळली किंवा वाढवली आणि एप्रिलमध्ये चौदा आणे फळ उतरवून, आढीत घालून, पेटी भरून हाती काय पडले, हे पाहायला तो तेथे नसतो. म्हणजे ज्या झाडाला मात्रा देताना तो साक्षीदार असतो, त्या झाडाचा निकाल त्याच्या नोंदवहीत कधीच येत नाही. आणि बागेतून विद्यापीठाकडे परत जायला हवी ती माहिती नेमकी याच निकालात असते.

यावर उपाय खर्चिक नाही. कोकणातील विद्यार्थ्यांचा ग्रामीण मुक्काम सलग न ठेवता दोन भागांत विभागावा, जुलैत ज्या बागायतदाराकडे विद्यार्थी गेला त्याच्याकडेच त्याला मोहोरात आणि उतरणीच्या हंगामात पुन्हा पाठवावे, बागेचा करार, खताचा खर्च आणि पेटीचा भाव या गोष्टी त्याच्या नोंदवहीत मात्रेच्या शेजारी लिहून घ्याव्यात आणि त्या नोंदवह्या गुण देऊन कपाटात न ठेवता वार्षिक छाननीच्या बैठकीपूर्वी संबंधित शास्त्रज्ञांच्या टेबलावर ठेवाव्यात. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांनी आणि विद्यापीठांच्या विद्वत परिषदांनी कोकणापुरता हा बदल पुढच्या फेरआखणीत करून पाहावा.